मिठाचं डिपार्टमेंट

२७ मे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागून दोन दिवस झाले आणि कूलरची जुनी खस काढून नवी बसवायची आहे. हे काम मी मार्चमध्येच उरकते, यंदा राहिलं. आमच्याकडचं पाणी जड. एक उन्हाळा कूलर चालला की जाळीवर पांढरा खार चढतो, दगडासारखा, आणि तो पेचकसानं खरवडावा लागतो. सकाळपासून तेच करते आहे. गच्चीच्या या कोपऱ्यातून खालच्या मजल्याचं दार दिसतं. त्याला कुलूप आहे. म्हणून काका आठवले, एरवी मी मुद्दाम आठवायला बसणाऱ्यांतली नाही.

काका म्हणजे आमचे घरमालक. भिलाईच्या जुनवानी भागातलं हे घर त्यांचं. खाली ते एकटे, वर आम्ही भाडेकरू. मूळचे वर्ध्याकडचे. सारी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये, त्यातली बरीच वर्षं पोलाद वितळवण्याच्या शॉपमध्ये, वितळलेल्या धातूचे नमुने काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर प्लांटच्या वसाहतीतलं, सेक्टर दहाचं क्वार्टर सोडलं आणि इथे घर बांधलं. बायको आधीच गेली होती. माझे यजमान मालगाडीवर गार्ड, महिन्यातले निम्मे दिवस लाइनवर. मी एका कॉलेजच्या ऑफिसात. स्वैपाक रोज करावाच लागतो, त्यात एक माणूस जड नाही, म्हणून काकांचं दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडून खाली जायचं. सात वर्षं गेलं.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. किडनीनं गेले. त्यात माझा वाटा किती, हे कोणी मला सांगितलेलं नाही आणि मीही कोणाला विचारलेलं नाही.

काका एक गोळी घ्यायचे. सकाळी एक, रात्री दोन. ती लिथियमची आहे आणि मनाचा तोल राखण्यासाठी आहे, हे मला फार उशिरा कळलं. गल्लीला तर कधीच कळलं नाही. गल्लीला ते शुगर सांगायचे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासून यायचे, तेही शुगरच्या नावावर. त्यामुळे त्या गोळीनं त्यांच्यात जे जे केलं, ते सगळं आम्ही त्यांचा विक्षिप्तपणा म्हणून पाहिलं. हसलोही.

सगळ्यात आधी दिसायचं ते पाणी. काकांच्या खांद्याला कायम दोन लिटरची बाटली. घरातून फाटकापर्यंत आले तरी बाटली. दिवसाला चार-पाच बाटल्या सहज जात. गल्लीतली पोरं त्यांना ‘पानीवाले अंकल’ म्हणत. एवढं पाणी आत गेलं की ते बाहेरही येणार, आणि त्यामुळे काकांचं भिलाई हे माझ्या भिलाईपेक्षा वेगळं शहर होतं. त्यांना रस्ते दुकानांवरून लक्षात राहत नसत, संडासांवरून राहत. कुठला पेट्रोलपंपवाला आत जाऊ देतो, कुठल्या बँकेचा संडास फक्त स्टाफचा, सिव्हिक सेंटरला कुठल्या बाजूला किती वाजता कुलूप लागतं, सगळं पाठ.

माझ्या पुतण्याचं लग्न दुर्गला होतं. पत्रिका द्यायला खाली गेले तर काका लगेच हो म्हणाले नाहीत. हॉल कोणता ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात छत्री घेऊन, ऑटो करून दुर्गला जाऊन आले आणि संध्याकाळी जिन्याखालून मला हाक मारली.

“ताई, पाहून आलो. दोन हायेत. एकाची कडी तुटली हाय, पण दुसरा मस्त. येतो मी लग्नाले.”

आले. कोपऱ्यातली, दुसऱ्या संडासाजवळची खुर्ची धरून बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. म्हणजे उठले, पण तेवढ्यासाठीच.

अहिवाऱ्याला त्यांच्या एका जुन्या सोबत्याची तेरवी होती. त्या रस्त्यावर काही पाहून ठेवलेलं नव्हतं. चुनखडीच्या ट्रकांच्या मधून तीन वेळा ऑटो थांबवावी लागली. तिसऱ्या वेळी ऑटोवाला काही बोलला. काका परत येऊन बसले. मग मला म्हणाले, “ताई, तुमी नका बोलावत जाऊ मले असं कुठं. मी नाही म्हणायले शिकलो नाई.” मी त्यांना बोलावलंच नव्हतं, त्यांनीच मला सोबत घेतलं होतं.

दुसरं, हात. दोन्ही हात बारीक थरथरत. चहा स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. वरण वाटीत नाही, खोल ताटलीत. मी ते सगळं माझ्याकडून जुळवून घेतलं होतं, त्यात विशेष काही नाही. पण एकदा पेन्शनच्या कामाला मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. त्यांची सही जुनीशी जुळेना. मी ती जुनी सही पाहिली, काउंटरवर उलटी दिसत होती तरी कळत होतं की अक्षर सुरेख होतं. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, तीनदा कागद दिला. शेवटी म्हणाला, अंकल, ये तो किसी और का साइन है.

काका म्हणाले, “हाँ बेटा, किसी और का ही है. वो आदमी ठीक नहीं था, उसको छोड़ दिया.”

मुलगा हसला. मीही हसले. काकांनी अंगठ्याला शाई लावून घेतली.

आणि तोंडात कायम लोखंड. हे ते उघड सांगत, कारण ते प्लांटवर खपून जाई. म्हणत, रिटायर झालो तरी प्लांट तोंडातून जात नाही. माझ्या जेवणाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही आणि कधी चांगलंही म्हटलं नाही. भाजी खाऊन ते फक्त सांगत की आज लोखंड कमी आहे, किंवा आज तांबं आहे. पुरणपोळी खाऊन एकदा ‘जस्त’ म्हणाले. मला राग आला होता. दिवसभर पुरण वाटलं होतं मी.

आता मीठ.

काकांच्या शर्टाच्या खिशात कॅमेऱ्याच्या रिळाची काळी प्लॅस्टिकची डबी असे, आत मीठ आणि एक छोटा सपाट चमचा. दर जेवणाला एक चमचा, वरून, मोजून, काठाशी बोट फिरवून सपाट केलेला. भाजी खारट असो, अळणी असो, चमचा तोच. उन्हात जाऊन घाम काढून आले तर लिंबूपाण्यात आणखी अर्धा. मी सुरुवातीला म्हणून पाहिलं की एवढं मीठ बरं नाही. तेव्हा ते पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याशी जरा करड्या आवाजात बोलले.

“ताई, मिठाचं मले सांगू नका. ते माझं डिपार्टमेंट हाय.”

का म्हणून विचारलं, तर म्हणाले, प्लांटची सवय. भट्टीसमोर काम करणाऱ्यांना मिठाचं पाणी द्यायचे, ते तर खरंच. मला उत्तर पटलं. खरं उत्तर त्यांना गल्लीला सांगायचं नव्हतं, आणि माझ्याकडून ते गल्लीत जाईल अशी त्यांना भीती असावी. मी तशी नाही, पण त्यांना ते कसं कळणार.

डबी दर सोमवारी माझ्या बरणीतून भरली जायची.

तीन वर्षांपूर्वीचा मे. काकांच्या पायांवर थोडी सूज दिसली. माझ्याकडे सासूबाईंचं बीपीचं मशीन होतं. सासूबाई आदल्या दिवाळीत गेल्या. मी काकांचं बीपी घेतलं तर वरचा आकडा एकशे साठच्या घरात. दोन दिवसांनी परत घेतलं, तेवढाच. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, प्लांटवाल्याचं प्रेशर असतेच. मी त्यांच्या मुलीला फोन करायला हवा होता. ती सेक्टर दहामध्येच राहते, जावई प्लांटमध्ये अधिकारी. पण तिची मुलं लहान, तिच्या मागे हजार कामं, आणि मला वाटलं एवढ्याशा गोष्टीसाठी काय फोन करायचा. एवढ्याशा गोष्टी मी आयुष्यभर न विचारता करत आले आहे. कॉलेजात माझं नाव त्यासाठीच चांगलं आहे.

सासूबाईंना डॉक्टरांनी एक वेगळं मीठ सांगितलं होतं, कमी सोडियमचं. बीपीवाल्यांसाठी. चव मिठाचीच. त्याची दोन पाकिटं कपाटात उरली होती आणि मी वस्तू वाया घालवत नाही. सोमवारी काकांच्या डबीत मी ते भरलं. त्यांच्या वरण-भाजीतही तेच, आणि तेही निम्मं. तोंडात लोखंड असलेल्या माणसाला काय कळणार, असा माझा हिशेब. आणि तो बरोबर निघाला.

फक्त एकदा त्यांनी डबी उघडून पाहिली, हलवली, बोटावर घेतली. मग विचारलं, “ताई, हे आपलंच मीठ हाय ना?”

मी म्हटलं, “मीठच आहे, काका.”

खोटं बोलले नाही. एवढंच.

दहा-बारा दिवस काही झालं नाही. सूज उतरली. बीपी थोडं खाली आलं आणि मी स्वतःवर खूश होते. मग नवतपा लागला. त्या वर्षी ऊन असं होतं की दुपारी गच्चीवर ठेवलेल्या बादलीत हात घालवत नव्हता. काकांना आधी जुलाब झाले. मग हात असे हलायला लागले की पेला दोन हातांनी धरला तरी चहा शर्टवर. चालताना भिंत धरायला लागले. एके सकाळी फाटकाशी तोल गेला आणि शब्द जड यायला लागले, तर समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला आत ओढलं आणि मला खालच्या आवाजात सांगितलं, अंकल सुबह-सुबह पी के आए हैं.

मला ते पटलं नाही. मला वाटलं लू लागली, उन्हाची झळ. आमच्याकडे लू लागली की जे करतात ते सगळं मी केलं. कांदा किसून तळपायाला लावला. कैरी उकडून पन्हं केलं, दोन-दोन तासांनी दिलं. पन्ह्यात गूळ घातला, जिरं घातलं, आणि मीठ घातलं. त्याच पाकिटातलं. पाकीट आता संपत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते मला ओळखेनात. तेव्हा मी त्यांच्या मुलीला फोन केला आणि दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात काकांना अनेक वर्षं पाहणारे मनाचे डॉक्टर धावत आले. रक्ताचा आकडा पाहिला. मग मुलीला आणि मला बाहेर बाकावर बसवून त्यांनी सरळ विचारलं, घर में कुछ बदला है क्या? दवा, पानी, खाना, नमक?

“नमक,” मी म्हणाले. “मैंने बदला.”

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. शरीराला खरं मीठ कमी पडलं की किडनी जे हाताशी येईल ते धरून ठेवते, आणि लिथियम तिला मिठाच्या भावंडासारखं दिसतं. मग रोजचीच गोळी रोज थोडी थोडी साचत जाते आणि विष होते. वरून घाम, वरून जुलाब. म्हणून या माणसाला मीठ कमीही नको, जास्तही नको, रोज तेवढंच हवं. हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि बावीस वर्षं त्यांनी त्यात एका चमच्याचा फरक केला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. असा पेशंट मी पाहिला नाही, असंही म्हणाले.

मुलगी माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “वहिनी, आपको किसने कहा था?”

कोणी सांगितलं नव्हतं. मी तेच सांगितलं.

चार दिवस रक्त धुण्याचं मशीन लागलं. त्या बाकावर बसल्या बसल्या मुलीनं मला पूर्वीचं सांगितलं. माझ्यासाठी नाही, कोणाला तरी सांगायचं होतं म्हणून. ती सातवीत होती. थंडीचे दिवस. बाबा दहा-अकरा दिवस झोपले नव्हते आणि फार आनंदात होते. गात होते, सारखे गात होते. आवाज चांगला होता त्यांचा. एका दुपारी ती शाळेतून आली तर क्वार्टरसमोर रस्त्यावर सगळं घर मांडलेलं. पलंग, शिलाई मशीन, आईच्या साड्या, ताटं. बाबा उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक वस्तू देत होते, घ्या, लागते तुमाले, घ्या. लोक घेत होते. तिची सायकल एक मुलगा घेऊन गेला तिच्या डोळ्यांदेखत. नंतर बाबा पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. प्लांटनं भट्टीवरून काढून स्टोअरला टाकलं. मग ही गोळी सुरू झाली.

“तब से गाना बंद,” ती म्हणाली. “हात हिलने लगे. पण घर परत भरलं.”

काकांचं एक वाक्य मी पूर्वी अनेकदा ऐकलं होतं. कोणी म्हटलं की काका, एवढ्या गोळ्या कशाला, बंद करून पाहा, तर ते म्हणत, “गोळी हाय म्हणून सामान घरात हाय.” मला ते वेड्यासारखं वाटे. त्या बाकावर ते मला पहिल्यांदा कळलं.

जुलैमध्ये काका घरी आले. पाय फाकवून चालायचे, जहाजावर चालल्यासारखे. बोलणं संथ, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. आणि किडनीनं मार खाल्ला होता, त्यामुळे ती गोळी आता कायमची बंद. डॉक्टरांनी दुसरी दिली. ती धरेल की नाही ते पाहावं लागेल, असं ते म्हणाले. धरली नाही तर काय, हे मुलगी आणि मी दोघींना माहीत होतं, म्हणून कोणीच विचारलं नाही.

जेवण आमच्याकडूनच जावं, असा काकांनी हट्ट धरला. मुलीला ते नको होतं, पण त्यांच्यापुढे तिचं चाललं नाही. ती दर महिन्याला यायची आणि साध्या मिठाचं एक किलोचं पाकीट माझ्या ओट्यावर ठेवून जायची. आता मिठाचा प्रश्न उरला नव्हता, हे तिलाही माहीत होतं. मी प्रत्येक पाकीट घेतलं आणि वापरलं.

काकांशी मी एकदाच तो विषय काढला. सरळ जाऊन सांगितलं, काका, मी डबीतलं मीठ बदललं होतं. ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, डॉक्टरनं सांगितलं मले. तुमी चांगल्यासाठीच केलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

“खरंच सांगितलं असतं?” मी विचारलं.

त्यांनी बराच विचार केला.

“नाई,” ते म्हणाले.

गणपतीच्या सुमाराला त्यांचे हात थांबले. आधी माझ्या लक्षात आलं नाही. पेला भरून चहा प्यायले आणि पेला ओसरीवर ठेवला, एक थेंब सांडला नाही, तेव्हा मी पाहिलं. त्याच आठवड्यात ताट परत द्यायला जिन्याच्या चार पायऱ्या धरून धरून वर आले. एवढे कधी येत नसत.

“ताई, आज वरणात हिंग होता.”

“रोजच असतो, काका.”

“रोज असतो?” ते म्हणाले, आणि पायरीवरच बसले. “सात वर्षं तुमी हिंग टाकून राहिल्या?”

त्यांना चव आली होती. लोखंड गेलं होतं. बावीस वर्षांनी. मला बरं वाटलं, हे कबूल करते. आपण मोडलं त्यातून काही तरी चांगलं निघालं असं मला दिसलं, आणि मी ते लगेच घेतलं. चार दिवस मी त्यांच्यासाठी मुद्दाम वेगवेगळं केलं. पाटोडी केली, झुणका केला, भरली वांगी केली. ते एकेक घास डोळे मिटून खायचे आणि नावं सांगायचे. हा लसूण. ही खसखस. पुरण केलं तर म्हणाले, “ताई, मी याले जस्त म्हटलं होतं ना एकदा? माफ करा जी.”

पाचव्या दिवशी सकाळी खालून गाणं ऐकू आलं.

आवाज खरंच चांगला होता. शब्द जड यायचे पण सूर जागेवर. मी हातातली कणीक सोडून गच्चीच्या कठड्याशी गेले. काकांनी सगळी गल्ली झाडून ठेवली होती, समोरच्या बाईंच्या दारापर्यंत. पाय फाकवून उभे होते, झाडू टेकून, घामानं निथळत, आणि गात होते. समोरच्या बाई दारात उभ्या राहून कौतुकानं ऐकत होत्या. अंकल कितने ठीक हो गए, त्या मला वर बघून म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या छताचा पंखा गेला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दिला, त्याच्या टपरीत फार उकडतं म्हणून. मी स्वतःला सांगितलं, इस्त्रीवाल्याला खरंच उकडतं. मुलीला फोन करायला हात गेला होता. पण मी आधीच या माणसाच्या आयुष्यात एकदा हात घातला होता. आता पुन्हा मीच फोन करायचा, पुन्हा गोळ्या वाढवायला लावायच्या, आलेली चव पुन्हा घालवायची. दोन दिवस मी थांबले. थांबणं माझ्या स्वभावात नाही. एकदा घाईत चुकले होते, म्हणून या वेळी थांबले, आणि हेही चूकच होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातून आले तर पलंग रस्त्यावर होता. दोन माणसं तो हातगाडीवर चढवत होती आणि काका त्यांना सांगत होते, हळू, पाय निघतो त्याचा. मी पिशवी फाटकात ठेवली आणि त्यांना आत घेऊन गेले. घरात जवळजवळ काही नव्हतं. भांडी गेली होती. पाण्याच्या बाटल्या तेवढ्या ओळीनं भिंतीला लावून ठेवल्या होत्या, रिकाम्या.

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात अगदी स्थिर होते.

“ताई, पोरीले सांगू नका. मले माहीत हाय काय होऊन राहिलं ते. मी काही येडा नाही. पण बावीस वर्षं मी लोकाइसाठी शहाणा राहिलो. तोंडाले चव नाई, कानाले गाणं नाई. एक महिना द्या मले. एकच महिना. मंग मी स्वतः चालत जातो दवाखान्यात.”

मी म्हटलं, महिन्यानंतर तुम्ही चालत जायच्या स्थितीत नसाल.

“मालूम हाय,” ते म्हणाले. “तरी द्या.”

मी वर आले. आमचे हे लाइनवर होते. मी पोळ्या केल्या, त्यांचं ताट खाली पोचवलं, फरशीवर. ते खाताना मी उभी राहून पाहिलं. मुलीचा सायकलचा दिवस माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून काढलेले पाच महिने. या वेळी वय सत्तरच्या वर आणि किडनी अर्धी. ते भिंतीकडून परत वळतील याची मला खात्री नव्हती. पण त्यांना हिंगाचा वास आला होता, हेही खोटं नव्हतं. त्या रात्री मी काय ठरवलं म्हणून विचारलं तर ठरवलं काहीच नाही. फक्त एवढं कळलं की जे करायचं ते त्यांच्या पाठीमागे करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी खाली गेले. काका आंघोळ करून, ओल्या केसांनी, फरशीवर बसले होते आणि गुणगुणत होते. मी समोर बसले. सांगितलं, काका, मी तुमच्या मुलीला फोन लावते आहे. तुमच्यासमोर लावते आहे. तुम्हाला नको आहे ते मला माहीत आहे.

त्यांचं गुणगुणणं थांबलं. फोन हिसकावतील असं मला वाटलं, म्हणून मी तो आमच्या दोघांच्या मधे फरशीवरच ठेवला आणि आवाज मोठा केला. घंटा वाजत होती तोवर ते फोनकडे बघत राहिले.

मुलीनं उचलल्यावर मी एकेक गोष्ट सांगितली, काही सोडलं नाही. पंखा गेला. पलंग काल गेला, भांडी गेली. गाणं चालू आहे. मी दोन दिवस उशीर केला. चार रात्री काका झोपलेले नाहीत.

“चार नाई,” काका म्हणाले, फोनकडे न पाहता. “पाच.”

मी मुलीला सांगितलं, पाच.